उन्हाळ्यात ऊन, पावसाळ्यात पाऊस. मग हिवाळ्यात काय?

उन्हाळ्यात ऊन असतं. पावसाळ्यात पाऊस असतो. मग हिवाळ्यात काय असतं?

लहान मुलांना हा प्रश्न हमखास पडतो आणि मोठी माणसं 'थंडी' असं उत्तर देऊन मोकळी होतात. उत्तर चूक नाही, पण मग त्या ऋतूला 'थंडाळा' का म्हणत नाहीत? ऊन आणि पाऊस हे शब्द आपापल्या ऋतूच्या नावात सरळ दिसतात. हिवाळ्यातलं 'हिव' मात्र रोजच्या बोलण्यात कुठे ऐकू येत नाही.

नवी मुंबईत राहणाऱ्यांनी हा शब्द तरीही अनेकदा वाचलेला असतो, फक्त त्याकडे लक्ष गेलेलं नसतं. महापालिकेच्या आरोग्य विभागाच्या पत्रकांवर, डासांविरुद्धच्या मोहिमेच्या फलकांवर 'हिवताप व डेंग्यू' असं छापलेलं असतं. त्या हिवतापातलं 'हिव' आणि हिवाळ्यातलं 'हिव' एकच. पण ते एकच असल्यामुळे एक गैरसमजही होतो आणि तो तब्येतीवर बेतू शकतो.

हिव म्हणजे नक्की काय?

हिव (जुन्या लेखनात 'हिंव' किंवा 'हींव') म्हणजे थंडी, गारठा, अंगात भरणारी हुडहुडी. हा शब्द पूर्णपणे मेलेला नाही. 'हिव भरलं', 'हिव वाजून ताप आला' असं खेड्यापाड्यांतली जुनी माणसं अजून म्हणतात. शहरी मराठीत मात्र त्याची जागा 'थंडी'ने घेतली.

मराठीच्या तीन ऋतूंची नावं एकाच साच्यातली आहेत. शेवटचं '-आळा' म्हणजे 'काळ'. उष्ण + काल यातून उन्हाळा, पाऊस + काळ यातून पावसाळा आणि हिम + काल यातून हिवाळा, अशी ही व्युत्पत्ती सांगितली जाते. शब्दाच्या मधोमध आलेला 'क' प्राकृतात गळून पडला, 'ल'चा मराठीत 'ळ' झाला आणि उरलं '-आळ'. त्याला मराठीचा नेहमीचा पुल्लिंगी 'आ' जोडला गेला. (पाऊस हा शब्द संस्कृत 'प्रावृष्'वरून आला आहे आणि प्रावृष् म्हणजेच पावसाळा. म्हणजे 'पावसाळा' या शब्दात एकच गोष्ट दोनदा सांगितली आहे. पण ते असो.)

तिघांपैकी ऊन आणि पाऊस हे सुटे शब्द म्हणून जिवंत राहिले. ऊन तर इतकं जिवंत आहे की कोकणातल्या गरम पाण्याच्या झऱ्यांच्या गावांना उन्हेरे, उन्हवरे अशी नावं आहेत. पैकी उन्हेरे रायगडात पालीजवळ आहे. हिव मात्र सुटं राहिलं नाही. ते दोन-चार जोडशब्दांत अडकून पडलं. म्हणून 'हिवाळा' हे आपल्या तीन ऋतूंमधलं एकमेव नाव आहे, ज्याचा अर्थ आज ऐकणाऱ्याला थेट लागत नाही.

'म' कुठे गेला?

हिम हा मूळ शब्द असेल तर मधला 'म' जाऊन 'व' कसा आला?

याचं उत्तर शीव-पनवेल महामार्गावरच्या पाट्यांवर आहे. वाशी, नेरूळ, बेलापूर, खारघर, कळंबोली या भागांतून जाणाऱ्या या रस्त्याच्या नावातलं 'शीव' म्हणजे हद्द. मुंबई बेट जिथे संपायचं आणि पलीकडे साष्टी सुरू व्हायची, तिथलं हे गाव. संस्कृत 'सीमा'चं मराठी रूप 'शीव'. 'सीमा'तला 'म' जसा 'व' झाला, तसाच 'हिम'मधलाही झाला.

दोन स्वरांच्या मध्ये सापडलेल्या 'म'चं असं होणं हा मराठीतला अगदी रुळलेला बदल आहे. ग्राम वरून गाव, नाम वरून नाव, श्यामल वरून सावळा, कोमल वरून कोवळा, आमलक वरून आवळा. 'दशम'वरून दहावा आणि दहावी. दहावीचं वर्ष म्हटलं की घराघरात जो ताण असतो, तो या शब्दात 'म' राहिला असता तरी काही कमी झाला नसता, पण मूळ हेच.

हा बदल एका उडीत झाला नाही. 'म' उच्चारताना ओठ मिटतात आणि हवा नाकातून जाते. आधी ओठ मिटणं सैल पडलं, तेव्हा 'व' आला. नाकातला आवाज मात्र काही काळ टिकला. म्हणून जुन्या मराठीत हिंव, गांव, नांव, शींव असं लिहायचे. डोक्यावरचा तो टिंब म्हणजे गेलेल्या 'म'ची उरलेली खूण. पुढे बोलण्यातून तो नाकातला आवाजही गेला, पण लिहिताना टिंब देणं चालू राहिलं. अखेर मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२ च्या शुद्धलेखन नियमांनी न उच्चारले जाणारे असे अनुस्वार काढून टाकले आणि 'हिंवाळा'चा 'हिवाळा' झाला. आजी-आजोबांच्या जुन्या पत्रांत 'हिंवाळा' दिसला तर ती चूक समजू नये. त्या काळचं ते शुद्ध लेखन होतं.

मग हिम, ग्राम, नाम हे शब्द आजही मराठीत 'म'सकट कसे आहेत? ते नंतर संस्कृतातून थेट उचलले गेले. त्यामुळे लोक राहतात ते गाव आणि कारभार चालतो ती ग्रामपंचायत, अशी जोडी तयार झाली. तशीच हिव आणि हिम ही जोडी.

हिमालयाशी नातं आहे, पण अर्धंच

हिवाळा आणि हिमालय हे शब्द दिसायला इतके जवळचे आहेत की ते एकच असावेत असं वाटतं. पहिला भाग खरंच एक आहे. दुसरा वेगळा. हिमालयात 'आलय' म्हणजे घर आहे, हिवाळ्यात 'काल' आहे. एक जागेचं नाव, दुसरं वेळेचं.

इथे एक शंका येते. हिम म्हणजे बर्फ असेल, तर जिथे कधी बर्फ पडत नाही त्या महाराष्ट्रात ऋतूला 'बर्फाचा काळ' असं नाव कसं पडलं? शब्द उत्तरेतून तसाच उचलून आणला का?

तसं मानायची गरज नाही. हिम म्हणजे फक्त बर्फ ही समजूत आजची आहे. संस्कृतात हिम म्हणजे थंडी, गारठा, दव, हिमकण आणि खुद्द थंडीचा ऋतूसुद्धा. पुरावा ओळखीच्या नावांत आहे. हिमांशु म्हणजे चंद्र. चंद्राच्या किरणांतून बर्फ पडत नाही, ते शीतल असतात, म्हणून तो हिमांशु. वर्गात एखादा हेमंत असतोच. ते नावही याच कुळातलं असून त्याचा अर्थ थंडीचा ऋतू असाच आहे. खुद्द 'बर्फ' हा शब्द मराठीत फारसीतून आला. याचा अर्थ रोजच्या मराठीला बर्फासाठी स्वतःच्या शब्दाची कधी निकड भासली नाही, थंडीसाठी मात्र 'हिव' होतं.

हिवतापाचा हिवाळ्याशी संबंध नाही

आता त्या गैरसमजाकडे येऊ. हिवताप म्हणजे मलेरिया. नाव ऐकून 'हिवाळ्यात येणारा ताप' असा अर्थ लावणं अगदी साहजिक आहे, पण तो चुकीचा आहे. हिवताप म्हणजे हिव भरून येणारा ताप. हे नाव ऋतूवरून नाही, लक्षणावरून पडलं.

मलेरियाचा ठरावीक झटका तीन टप्प्यांत येतो. आधी दात वाजतील अशी थंडी भरते, दोन-दोन पांघरुणं घेतली तरी जात नाही. मग अंग तापतं, डोकं दुखतं. शेवटी घाम फुटून ताप उतरतो आणि माणूस गळून जातो. भारतात आढळणाऱ्या मलेरियाच्या एका मुख्य प्रकारात हेच चक्र साधारण एक दिवस आड पुन्हा येऊ शकतं. मधल्या दिवशी बरं वाटतं आणि 'आता उतरला' असं समजून तपासणी टाळली जाते. प्रत्येक रुग्णात हे टप्पे इतके स्पष्ट दिसतातच असं नाही, ही आणखी एक अडचण.

तुलना म्हणून 'मलेरिया' हा शब्द पाहा. इटालियन भाषेत त्याचा अर्थ 'वाईट हवा'. दलदलीच्या हवेतून हा ताप येतो असं युरोपात मानलं जायचं. फ्रेंच डॉक्टर लाव्हराँ यांना १८८० मध्ये रुग्णाच्या रक्तात याचा परजीवी दिसला आणि १८९७ मध्ये रोनाल्ड रॉस यांनी सिकंदराबादला तो डासाच्या पोटात शोधून काढला. तेव्हा हवेचा दोष नव्हता हे सिद्ध झालं, पण नाव राहिलं. मराठी नावाने कारण सांगायचा प्रयत्नच केला नाही. रोग्याला काय होतं तेवढंच सांगितलं, त्यामुळे ते आजही खरं आहे.

सरकारी मराठीने हाच शब्द स्वीकारला. देशात १९५३ मध्ये सुरू झालेला कार्यक्रम मराठीत 'राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम' झाला. जिल्ह्याच्या ठिकाणी 'जिल्हा हिवताप अधिकारी' असतो. आणि 'हिवताप प्रतिरोध महिना' पाळला जातो तो जूनमध्ये, म्हणजे पाऊस सुरू होतो तेव्हा. हिव या शब्दाचा सगळ्यात जास्त सरकारी वापर पावसाळ्याच्या तोंडावर होतो, ही गंमत नाही तर त्याचं कारण उघड आहे. पाणी साचतं, डास वाढतात, पावसाळ्यात आणि त्यानंतरच्या आठवड्यांत मलेरिया वाढतो. शहरात हा रोग पसरवणारा डास घाण गटारापेक्षा साठवलेल्या स्वच्छ पाण्यात जास्त वाढतो: गच्चीवरच्या उघड्या टाक्या, बांधकामाच्या जागी साचलेलं पाणी. सतत कुठे ना कुठे इमारत उभी राहत असलेल्या नवी मुंबईसारख्या शहरात दुसऱ्या प्रकारच्या जागा पुष्कळ.

तेव्हा ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये थंडी वाजून ताप आला तर 'हिवाळा तर अजून लांब आहे, हा हिवताप कसा असेल?' हा विचार कामाचा नाही. उलट डिसेंबरात ताप आला की तो नुसता हवाबदलाचा, असंही धरून चालता येत नाही, कारण मलेरिया वर्षभर होऊ शकतो. थंडी वाजून ताप आला की लवकर रक्त तपासायला देणं हाच उपाय. सरकारी आणि पालिकेच्या आरोग्य केंद्रांत ही तपासणी मोफत होते.

लांबचे नातेवाईक

'हिम'चं कुळ फार मोठं आहे. लॅटिनमध्ये थंडीचा ऋतू 'हिएम्स', रशियनमध्ये 'झिमा', लिथुआनियनमध्ये 'झिएमा', फारसीत 'जमिस्तान'. तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी आजच्या तुर्कस्तानात बोलल्या जाणाऱ्या हित्ती भाषेत 'गिम्मंत', जो आपल्या हेमंताच्या अगदी शेजारी बसतो. हे सगळे शब्द एकाच प्राचीन मुळातून फुटले आहेत.

फ्रेंचमध्ये हिवाळ्याला जो शब्द आहे तो लिहिताना 'हिव्हेर' असा दिसतो, फक्त बोलताना 'ह' उच्चारत नाहीत. मराठी 'हिव' आणि हे फ्रेंच रूप पाहून कुणीही म्हणेल की हा योगायोग असणार. नातं खरं आहे, पण 'व'चं साम्य योगायोगाचंच. मराठीत तो 'म'पासून आला. फ्रेंचमधला 'व' लॅटिन 'हिबेर्नुस'मधल्या 'ब'पासून आला, आणि त्या 'ब'च्या जागीही आणखी आधी 'म'च होता, असं भाषेचे अभ्यासक मानतात. दोन भाषा हजारो किलोमीटर अंतरावर, एकमेकींना न विचारता, एकाच अक्षराशी सारखंच वागल्या. त्याच लॅटिन शब्दावरून इंग्रजीत प्राण्यांच्या 'हायबरनेशन'चा शब्द आला. मराठी पाठ्यपुस्तकांनी त्याला 'शीतनिद्रा' म्हटलं आणि घरातलं 'हिव' वापरायची एक चांगली संधी गेली.

इंग्रजी 'विंटर' मात्र या कुळातला नाही. तो जर्मानिक भाषांचा स्वतंत्र शब्द आहे आणि त्याच्या मुळाबद्दल दोन मतं आहेत. एक मत त्याला पाण्याच्या, ओलाव्याच्या शब्दाशी जोडतं, म्हणजे ओला ऋतू. दुसरं त्याला 'पांढरा' या अर्थाच्या शब्दाशी जोडतं. पहिलं मत खरं असेल तर विंटरचा अर्थ आपल्या पावसाळ्याच्या जवळ जातो.

शेजारच्या भाषांनी वेगळी वाट धरली. गुजरातीत 'शियाळो', राजस्थानीत 'सियाळो'. तिथे पहिला भाग हिम नसून 'शीत' आहे, '-आळो' मात्र तोच काळाचा. हिंदीतला 'सर्दी' हा शब्द फारसीतून आला आणि मराठीत येताना त्याने अर्थच बदलला: हिंदीत तो ऋतू, मराठीत तो नाक गळणं. वाशीच्या बाजारात एकाच सकाळी शियाळो, सर्दी आणि थंडी हे तिन्ही शब्द कानावर पडू शकतात. 'थंड' हा शब्द बरेच अभ्यासक संस्कृत 'स्तब्ध'शी जोडतात, म्हणजे गारठून ताठ झालेलं. बाकी थंडी 'वाजते' ती मराठीतच.

वय मोजायचं कशाने?

जिथे जो ऋतू जगणं अवघड करतो, तिथे वर्षं त्याने मोजली जातात. ऋग्वेदात शंभर हिवाळे जगण्याची इच्छा व्यक्त झाली आहे, तिथे वर्षाऐवजी 'हिम' हाच शब्द वापरला आहे. शंभर शरद जगण्याची प्रार्थनाही आहे. जुन्या इंग्रजीतही माणसाचं वय इतके विंटर असं सांगायचे. ग्रीक पुराणकथेतला 'कायमेरा' नावाचा विचित्र प्राणी नावाने मुळात एक हिवाळा पाहिलेली शेळी आहे.

आणि मराठी माणूस काय म्हणतो? 'तुझ्यापेक्षा चार पावसाळे जास्त पाहिलेत.' मोजमाप बदललं. 'वर्ष' हा शब्दसुद्धा 'वर्षा' या पावसाच्या शब्दाच्याच कुळातला आहे. कुणी 'चार हिवाळे जास्त पाहिलेत' म्हटलं तर अर्थ कळेल, पण दरारा वाटणार नाही. जिथे थंडीची लोक वाट बघतात तिथे ती पाहिल्याचा मोठेपणा कसला?

मग नवी मुंबईत हिवाळा कधी असतो?

शाळेच्या पुस्तकात हिवाळा चार महिन्यांचा. पंचांगात तो दोन ऋतूंत वाटलेला: हेमंत मार्गशीर्ष-पौषात, शिशिर माघ-फाल्गुनात. भारतीय हवामान विभागाच्या हिशेबात मात्र हिवाळा फक्त जानेवारी आणि फेब्रुवारीचा. ऑक्टोबर ते डिसेंबर हा 'मान्सूनोत्तर' काळ धरतात. त्यामुळे नागपूरला डिसेंबरात भरणारं विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन हवामान विभागाच्या तक्त्यानुसार हिवाळ्याआधीच उरकतं. नागपूरच्या डिसेंबरात स्वेटर घालून फिरणाऱ्याला हे सांगायला जाऊ नये.

थंडीच्या लाटेची व्याख्याही जागेनुसार बदलते. सपाट प्रदेशात किमान तापमान १० अंश सेल्सिअस किंवा त्याखाली गेलं की लाटेचा विचार होतो, किनाऱ्यावर १५ अंशांनाच, आणि दोन्हीकडे ते सरासरीपेक्षा किमान साडेचार अंशांनी उतरलेलं असावं लागतं. मुंबईतली आजवरची सर्वांत कमी नोंद सांताक्रूझची, २२ जानेवारी १९६२ ची: ७.४ अंश. ज्या वर्षी लेखनातून हिंवाळ्यावरचा टिंब गेला, त्याच वर्षी मुंबईला सगळ्यात जास्त हिव भरलं होतं.

खाडीकाठी हिवाळ्याची खूण तापमापकापेक्षा वेगळी असते. ऐरोलीपासून नेरूळपर्यंतच्या पाणथळ जागांवर रोहित पक्षी उतरू लागतात. त्यांना 'हिवाळी पाहुणे' म्हणायची पद्धत आहे, पण ते मे महिन्यापर्यंत मुक्काम ठोकतात, म्हणजे अर्धा उन्हाळा इथेच काढतात. पनवेल-उरणच्या बाजूला शेतात वालाच्या शेंगा भरल्या की पोपटी लागते: मातीच्या मडक्यात भांबुर्डीचा पाला, त्यावर शेंगा, ओवा, मीठ, कुणी बटाटे, अंडी किंवा कोंबडी घालतं. पाण्याचा थेंब नाही. मडकं उपडं करून भोवती पेंढा-काटक्यांचा जाळ करतात आणि शेंगा शिजेपर्यंत सगळे त्या जाळाभोवती हात शेकत बसतात. तेवढ्या वेळात खाडीवरून वारं आलं आणि कुणाच्या अंगावर काटा आला, तर ते 'हिव'.